फेरो

आमच्या गल्लीत अकराव्या दिवशी नळ येतो.
चैनीला दोन बादल्या त्याच दिवशी निघतात,
म्हणून निळं अकराव्या दिवशी.

ऊन काय, भुसावळात ऊन रोजचं.
शेचाळीस, सत्तेचाळीस,
डांबरात चप्पल रुतून बसते.
पण ऊन नुसतं लिहून जातं,
वाचून दाखवतं पाणी.

हे मला निंबा सपकाळेंनी शिकवलं,
लोको शेडच्या ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं ट्रेसर.
मी पुण्याहून सायनोटाइप हा शब्द घेऊन आले होते,
नव्या नाण्यासारखा.
ते म्हणाले, "फेरो म्हन ना पोरी.
बॉयलर, ब्रेक, पुलाचे गर्डर,
हजारानं काढले आम्ही.
सुंदर कोनी म्हनलं नाही."

दोन बाटल्या. एकीत उसाच्या रसासारखं हिरवट,
दुसरीत लाल खड्यांचं पाणी.
समसमान. मोरीचं दार लावून, झिरोच्या पिवळ्या बल्बखाली.
रुंद ब्रशचा एक हात आडवा, एक उभा.
सारवायचं नाही,
तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवतात तसं.
कागद वाळेपर्यंत बोलू नये असा नियम नव्हता.
आम्ही बोलत नसू.

वाऱ्यानं चिरलेलं केळीचं पान ठेवलं,
कापूस वेचून झालेल्या बोंडांची कोरडी नखं ठेवली.
मग एकदा त्यांच्या ट्रंकेच्या तळातून
ट्रेसिंगचं कापड निघालं,
खळीनं कडक, काचेसारखं गुळगुळीत,
काळ्या शाईत एका इंजिनाची सगळी आतडी.
अशी गठ्ठ्यानं होती म्हणे.
मोडीत निघाली तेव्हा बाबू लोकांनी घरी नेली,
रात्रभर भिजवून खळ काढली,
आणि क्वार्टरांतल्या अर्ध्या तान्ह्यांना
त्यांची टोपडी झाली.
"माह्या पोराच्या कानावर सेफ्टी व्हॉल्व्ह होता,"
ते म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले.

काच, चिमटे, गच्ची.
मे महिन्यात चार मिनिटं, डिसेंबरात अकरा,
पण घड्याळाकडे बघायचं नाही,
कागदाच्या कडेकडे बघायचं:
पिवळी, हिरवी, राखाडी,
मग जुन्या तव्यासारखी.
जळालं असं वाटलं की झालं.

बोअरच्या पाण्यात एकदाच धुतलं,
क्षारांनी निळं खाल्लं.
तेव्हापासून तापीचंच,
पहिल्या बादलीत अर्धं लिंबू.
शेजारच्या नफिसाबी कठड्यावरून विचारतात,
कपडे राहिले आणि फोटो धुता?
पिवळं झालेलं पाणी मी त्यांच्या कण्हेरीला घालते,
तेवढ्यावर मिटतं.

मार्चमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
डावा अजून पिकतोय.
पट्टी सुटल्यानंतरच्या पहिल्या नळाला
त्यांनी टबातून इंजिन उचललं,
भुई निळी, रेघा पांढऱ्या.
उजवा डोळा झाकला.
डावा झाकला.
पुन्हा उजवा.
"हे असं असते?"
मी म्हटलं, असंच होतं. पहिल्यापासून.
"ह्या डोळ्यानं शेवाळ दिसते."
कोपरावरून पाणी गळत होतं,
फरशीवर थारोळं होत होतं,
दोन बादल्यांतलं पाणी,
आणि मी त्यांना हात खाली घ्या म्हटलं नाही.

डाव्याची तारीख डॉक्टरांनी दोनदा दिली.
दोन्ही वेळा हे गेले नाहीत.
सून माझ्याकडे तक्रार घेऊन आली.
मी विचारलं, तर म्हणाले,
"ड्रॉइंग कसं तपासत होतो आम्ही?
जुनं बाजूले ठेवून.
एक जुना राहू दे."

खिडकीतलं केळीचं पान उन्हानं फिकं पडलं होतं.
ते काढून त्यांनी ट्रंकेत घातलं, अंधारात.
येईल परत, म्हणाले. फेरो येतो.
मी महिन्यानं उघडून बघणार आहे.

पुढचा नळ गुरुवारी, पहाटे साडेतीनला.
त्या वेळी ऊन नसतं.
भरून ठेवायचं, झाकून,
आणि वर येऊन बसायचं.